खांदा, मुतखडा आणि समकालीन बासरी

गुरुवारी चार वाजता आयपेरीची शिकवणी सुरू झाली आणि सव्वाचारला ती संपल्यात जमा होती. अकरा वर्षांच्या आयपेरीला वाजवायचं होतं एक साधं सरळ गाणं, आणि कुबात-आगायला तिच्याकडून हवा होता गाण्याशिवायचा वारा. आगाय म्हणजे गुरुजी. बिश्केकच्या सातव्या मिक्रोरायोनमध्ये, म्हणजे इमारतींच्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या. तिथे आठवड्याला चौदा पोरं धातूची, कळांची बासरी शिकायला येत, आणि पहिले दोन महिने त्यांच्यातल्या एकालाही सूर काढायची परवानगी नसे.

"सूर काय, कोणीही काढतं," कुबात म्हणाला. "सुराच्या आधी जे असतं ते काढ."

"आगाय, सुराच्या आधी थुंकी असते."

"मग थुंकीपासून सुरुवात कर."

सोफ्यावर आयपेरीची आजी बुरुल्चा-आपा पेंगत होती. वय चौऱ्याहत्तर, माहेर-सासर दोन्ही नारीनच्या डोंगरात, डोक्याला पांढरा रुमाल, आणि उजवा हात मांडीवर असा ठेवलेला, जणू शेजारणीने सांभाळायला दिलाय. सहा महिने झाले, तो हात खांद्याच्या वर जात नव्हता. नातीला घेऊन ती दर गुरुवारी यायची, तासभर डुलक्या काढायची आणि निघताना न चुकता विचारायची, "पोरा, ही वाजवायला कधी लागणार?" बासरीने पोरांची छाती भरते असं तिने कुठेसं ऐकलं होतं. त्यातून एखादं गाणं आलंच, तर लग्नकार्यात चार माणसांत नात उभी करता येईल, एवढीच तिची अपेक्षा.

त्या दिवशी कुबातचं लक्ष शिकवण्यात नव्हतं. सकाळीच ऑस्ट्रियाहून पत्र आलं होतं. तिथल्या एका मोठ्या संगीत महोत्सवाच्या संचालिका, डॉक्टर उलरिके हाइनडल, चौदा ऑक्टोबरला बिश्केकला येणार होत्या, कुबातची मैफल ऐकायला. ऐकायला असं पत्रात होतं खरं, पण पुढे लिहिलं होतं, 'तुमच्या वादनाबद्दल आम्हाला शंका नाही. मला पाहायचे आहेत तुमचे श्रोते. यंदा आमच्या महोत्सवाचा विषय "ऐकणे" हा आहे.'

आणि श्रोते म्हणाल, तर कुबातच्या मागच्या मैफलीला सात माणसं होती. दोन विद्यार्थ्यांच्या आया, ज्यांना 'नाही' म्हणता आलं नव्हतं. एक जोडपं, ज्यांना भांडण मिटवायला बसायची जागा हवी होती. एक गृहस्थ इमारतीच्या हिटरबद्दलची सभा समजून आले होते आणि शेवटपर्यंत हात वर करून बसले होते. एक सभागृहाचा राखणदार, तो कुलूप लावायला थांबलेला. सातवी कुबातची बायको.

दोन वर्षं जर्मनीत राहून कुबात हे नवं संगीत शिकून आला होता. परत येऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत या शहराने त्याला लग्नात वाजवायला बोलावलं, बारशाला बोलावलं, एकदा टायरच्या दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं. पण त्याचं संगीत ऐकायला म्हणून कोणी आलं नाही. ऑस्ट्रियाला एकदा वाजवून आलो, की लोक आपल्याला विक्षिप्त म्हणायचे थांबतील आणि कलावंत म्हणायला लागतील, अशी त्याची ठाम समजूत होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला अशी एखादी समजूत लागतेच.

तर, शिकवणीची वीस-बावीस मिनिटं उरली होती. आयपेरी आता बासरीत थुंकीच थुंकी ओतत होती. कुबातने तिला बाजूला बसवलं, म्हणाला, आता नीट बघ, आणि आपली स्वतःची रचना वाजवायला घेतली. नाव 'गैरहजेरी क्रमांक चार'. लांबी बावीस मिनिटं. लोक ज्याला सूर म्हणतात तसे त्यात मोजून तीन. बाकी सगळ्या फुंकरा, सुस्कारे, जिभेचे टकटक आवाज, बासरीच्या कळांवर बोटांची टपटप, आणि मधूनमधून ओठातल्या ओठात पुटपुटणं.

बुरुल्चा-आपाला जाग आली ती एका लांब फुंकरीने. डोळे उघडून बघते तर समोर माणूस डोळे मिटून उभा, काहीतरी पुटपुटतोय आणि तिच्या दिशेने फुंकतोय. तिच्या दिशेने, कारण कुबातचा संगीताचे कागद ठेवायचा स्टँड सोफ्यासमोर होता, याला दुसरं काही कारण नव्हतं.

आता आमच्याकडची गोष्ट अशी, की आजाऱ्यावर एखाद्या जाणत्याने पुटपुटून फुंकर घातली, तर त्याला दम घालणं म्हणतात. पाण्यावरही दम घालतात आणि ते पाणी घोटघोट पितात. चांगला दम घालणारा कळला तर माणसं दोन खिंडी ओलांडून त्याच्याकडे जातात. हे कुबातला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी गोवर आला तेव्हा त्याच्यावरही घातला होता. पण परदेशात राहून आलेल्या माणसाला काही गोष्टी वेळेवर आठवत नाहीत.

बुरुल्चा-आपाने दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले. बावीस मिनिटं हलली नाही. शेवटची फुंकर विरली, तसे तिने तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि हळूच 'ओमीन', म्हणजे आमीन, म्हणाली. जाताना तिने कुबातला काही विचारलं नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "मला माहीतच नव्हतं, की तुम्ही असे आहात."

पोरा-बाळाचं एकदम 'तुम्ही' झालं होतं. कुबात दार लावून तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. अकरा वर्षं.

शुक्रवारी सकाळी बुरुल्चा-आपाने कपाटावरची पिठाची बरणी उजव्या हाताने खाली काढली. काढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, कोणत्या हाताने काढली ते. तिने बरणी परत वर ठेवली, परत काढली, आणि सुनेला हाक मारली.

इथे कुबातच्या बायकोबद्दल सांगायला हवं. सायकाल सरकारी दवाखान्यात व्यायाम-उपचार करत असे. आखडलेल्या पाठी, बसलेले गुडघे, धरलेले खांदे, सगळं तिच्याकडे. बुरुल्चा-आपाचा खांदा चार महिने तिच्याच हाताखाली होता. दोरी ओढ, भिंतीवर बोटांनी चढ, काठी फिरव, आणि म्हातारीच्या शिव्या ऐक. डॉक्टर म्हणालेच होते, की चार-पाच महिन्यांत सुटेल. पण बुरुल्चा-आपाने अंगणातल्या बाकावर बसून जो निकाल दिला तो असा: "तिनं चार महिने दुखवलं. नवऱ्यानं एका बैठकीत बरं केलं. घरात गुण आहे, पण बायकोत नाही."

पुढच्या गुरुवारी आयपेरीबरोबर तीन आज्या आल्या. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. बाटल्या त्यांनी पियानोवर ओळीने मांडल्या आणि झाकणं काढून ठेवली. कुबातने याचा विचार केलाच नाही असं नव्हे. त्याने केला. वादन चालू असताना झाकणाचा करकर आवाज नको म्हणून आधीच काढून ठेवतात, असं त्याने सायकालला रात्री जेवताना सांगितलं, आणि ही जाण व्हिएन्नाच्या श्रोत्यांतही सापडायची नाही असंही. सायकाल घास तसाच धरून नवऱ्याकडे बघत राहिली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी नऊ जणी आल्या. आयपेरीला बसायला जागा उरली नाही, ती स्वयंपाकघरात जाऊन तिचं ते सरळ गाणं वाजवायला लागली. कुबातचं वाजवून झाल्यावर बुरुल्चा-आपा त्याला बाजूला घेऊन अदबीने म्हणाली, की बाकी सगळं उत्तम आहे, पण मधे त्या तीन शिट्ट्या येतात, तिथे जरा लक्ष उडतं. कुबातचे डोळे भरून आले. जर्मनीतले त्याचे गुरूही हेच म्हणाले होते. त्याने त्याच संध्याकाळी ते तीन सूर खोडून टाकले. आता 'गैरहजेरी क्रमांक चार'मध्ये एकही सूर नव्हता.

भानगड उघडकीला आली ती रविवारी. दारावर एक टॅक्सीवाला उभा होता, हातात गाडीची किल्ली. बिश्केकमध्ये असतात तशीच त्याची होंडा फिट, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, खाली इंजिनाचं झाकण उघडं टाकून उभी होती.

"आगाय, खाली यायला नको," तो म्हणाला. "खिडकीतूनच फुंका. गिअर अडकतोय."

कुबातला काही उमगेना. सायकालने मागून येऊन त्या माणसाला सांगितलं, की गाड्यांवर चालत नाही, आणि दार लावलं. मग नवऱ्याला खुर्चीत बसवून तिने सगळं सांगितलं. खांदा, बरणी, बाक, दम. दवाखान्यात तिच्या तीन बायका यायच्या बंद झाल्या होत्या. त्या आता बाटली घेऊन थेट घरी येत होत्या.

कुबात मग म्हणाला, हे अडाणीपण आहे. मग म्हणाला, आपला समाज कुठे चाललाय. मग उठून खिडकीशी गेला, टॅक्सीवाल्याकडे बघितलं आणि विचारलं, "नऊ जणी होत्या ना?"

"कुबात."

"येत्या गुरुवारी पंधरा तरी येतील."

"कुबात, त्यांना सांग, खांदा व्यायामाने सुटला."

"सांगतो."

"कधी?"

"चौदा तारखेनंतर."

घरी व्यायाम केलाय असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पेशंटकडे सायकाल जशी बघायची, तशी तिने नवऱ्याकडे बघितलं.

"त्या ऐकतात, सायकाल," तो म्हणाला. "कारण काही का असेना. बावीस मिनिटं एकही बाई हलत नाही. जगात कुठे असं होतं?"

"हलत नाहीत, कारण हललं तर गुण येत नाही."

"तेच तर. मैफलीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं."

सायकाल उठली. तिने गाडीवाल्याला खिडकीतून एका मेकॅनिकचा पत्ता सांगितला.

सोमवारी कुबात स्वतः बुरुल्चा-आपाकडे गेला. चहा झाला, तळलेले बोरसोक झाले, आणि त्याने सांगितलं, की चौदा तारखेला संध्याकाळी पाच वाजता जुन्या शिलाई कारखान्याच्या क्लबात मोठा कार्यक्रम आहे, सगळ्यांसाठी एकदम. दम हा शब्द त्याने उच्चारला नाही. त्याला त्याचा फार अभिमान वाटला. बुरुल्चा-आपाला एकच शंका होती, एवढ्या मोठ्या जागेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल का. कुबात म्हणाला, लाउडस्पीकर असेल. मग पोचेल, म्हातारी म्हणाली.

त्यानंतर कुबातला काहीच करावं लागलं नाही. कारखान्यातल्या निवृत्त बायकांची यादी बुरुल्चा-आपाच्या तोंडपाठ होती. तिने आजारांप्रमाणे रांगा लावल्या. गुडघे पुढे, कारण त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. त्यांच्या मागे रक्तदाब. मग साखर. मधल्या दोन रांगा मूल न होणाऱ्या सुनांच्या. सगळ्यात मागे धडधाकट पण नोकरी न लागणारे. त्या टॅक्सीवाल्याने मेकॅनिककडे न जाता मागच्या रांगेत जागा धरली, आणि गिअरचं झाकण काढून मांडीवर घेऊन बसला.

चौदा तारखेला क्लबात खुर्च्या होत्या दोनशे चाळीस, माणसं तीनशेच्या वर. कुलूप लावणाऱ्या राखणदाराने यावेळी कुलूप बाहेर ठेवलं आणि स्वतः रक्तदाबाच्या रांगेत बसला. विंगेतून कुबातने रांगा दोनदा मोजल्या. गोवरानंतर इतकी माणसं त्याच्यासाठी कधी एकत्र आली नव्हती.

उलरिके हाइनडल पहिल्या रांगेत होत्या. उंच, काळे कपडे, कापलेले पांढरे केस, आणि चेहऱ्यावर असा भाव, की मी खूप पाहिलंय. त्यांच्या शेजारी बुरुल्चा-आपा. उलरिकेबाईंनी मान वळवून पाहिलं. तीनशे माणसं, तीनशे बाटल्या, एकही झाकण लावलेलं नाही. हळूहळू तो खूप पाहिल्याचा भाव गळायला लागला.

कुबातने वाजवलं. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याने फार बरं वाजवलं नाही. त्याचं अर्धं लक्ष पहिल्या रांगेत होतं आणि दोनदा श्वास अपुरा पडला. पण तो अपुरा पडला तेव्हा सभागृहात तीनशे माणसांनी आपला श्वास धरला, आणि तो परत आला तेव्हा सोडला. शेवटची फुंकर संपली. टाळी नाही, खोकला नाही. तीनशे जोड तळवे चेहऱ्यांवरून फिरले, आणि मग तीनशे झाकणं करकरत लागली.

उलरिकेबाई रुमाल शोधत होत्या. सापडेना, तेव्हा बुरुल्चा-आपाने आपला दिला.

नंतर बाहेरच्या दालनात त्यांना श्रोत्यांशी बोलायचं होतं. त्यांना जर्मन आणि इंग्रजी येत होतं, म्हाताऱ्यांना किर्गिझ, आणि दोन्ही बाजूंचं येणारा सबंध दालनात एकटा कुबात होता. त्याला पळून जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण बाईंनी वही उघडली होती.

पहिला प्रश्न बाटलीबद्दल होता. ही कशासाठी?

"तीन दिवस प्यायचं, उपाशीपोटी," बुरुल्चा-आपा म्हणाली. "उरलं तर झाडाला घालायचं. मोरीत ओतायचं नाही."

कुबातने जर्मनमध्ये सांगितलं, "त्या म्हणतात, त्यांच्यासाठी आवाज संपत नाही. तो त्या घरी नेतात आणि तीन दिवस त्याच्या संगतीत राहतात. आणि शेवटी मातीला परत देतात."

उलरिकेबाई भराभर लिहायला लागल्या. शेजारी शायीरकुल-आपा नावाची म्हातारी होती, तिच्याकडे वळल्या. तुम्हाला या रचनेत काय जाणवलं?

"माझा मुतखडा काही अजून पडलेला नाही," शायीरकुल-आपा म्हणाली. "याला म्हणावं, डावीकडे जरा जास्त फुंकायला हवं होतं. सगळं उजवीकडच्यांना दिलं."

"यांना वाटतं," कुबात म्हणाला, "आपल्या आत काहीतरी कठीण आहे, जे अजून सुटायचं आहे. आणि डावीकडचा अवकाश वादकाने रिकामा सोडला."

उलरिकेबाईंनी जोरात मान डोलावली. डावीकडच्या अवकाशाबद्दल त्यांनाही नेमकं हेच वाटलं होतं, पण सांगायला शब्द सापडत नव्हते.

शेवटचा प्रश्न त्यांनी जवळजवळ कुजबुजत विचारला. असं ऐकायला तुम्ही कुठे शिकलात?

"शिकायचं काय त्यात?" बुरुल्चा-आपा म्हणाली. "तोंड बंद ठेवायचं आणि मिळतं ते घ्यायचं."

हे मात्र कुबातने होतं तसंच सांगितलं. उलरिकेबाईंनी वही मिटली आणि म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरला. उजवा होता, दुखला नाही.

घरी जाताना सायकालने विचारलं, "काय काय सांगितलंस रे तिला?"

"आशय," कुबात म्हणाला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कुबातने ते उभ्यानेच वाचायला घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदाला बसला. तीस वर्षांच्या अनुभवात आपण असं काही पाहिलं नव्हतं, असं उलरिकेबाईंनी लिहिलं होतं. वादक आमच्याकडे पुष्कळ आहेत, एकट्या आमच्या प्रांतात समकालीन बासरी वाजवणारे चाळीस जण आहेत. त्यांच्याकडे नाहीत ते श्रोते. तेव्हा फेब्रुवारीतल्या महोत्सवासाठी आम्ही श्रीमती बुरुल्चा आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांना मानाने बोलावत आहोत. त्या बाटल्यांसह मंचावर बसतील आणि ऐकतील. वादन आमचा एक तरुण कलावंत करेल. पासपोर्टचे अर्ज भरायला आपण मदत कराल याची खात्री आहे. आणि सगळ्यांची वयं पाहता, विमा कंपनीच्या आग्रहावरून, सोबत एक प्रशिक्षित उपचारक हवी. आपल्या पत्नी याच क्षेत्रात आहेत असं समजलं, तेव्हा त्यांनीच यावं.

कुबातने बारा अर्ज भरले. तेरावा सायकालने स्वतः भरला, तोही हसू दाबत.

बुरुल्चा-आपाला त्याने पत्राचा अर्थ सांगितला तेव्हा तिने खात्री करून घेतली. तिकडचा माणूस फुंकणार आणि आम्ही नुसतं बसायचं? कुबात म्हणाला, हो. मग तिने मान हलवली. तिकडची औषधं जोरदार असतात, दमही जोरदार असेल, ती म्हणाली, आणि मग कुबातचा पडलेला चेहरा बघून पुढे म्हणाली, की मनाला लावून घेऊ नका, घरचं ते घरचंच.

फेब्रुवारीत तेरा बायका विमानात बसल्या. कुबात विमानतळावर त्यांच्या बोरसोकच्या पिशव्या उचलून दमला. घरी आला आणि चौदा पोरांना सूर शिकवायला लागला, कारण आता त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सायकालचा फोन आला. ती आधी थोडा वेळ नुसतीच हसत होती. मग कळलं ते असं. सभागृह खचाखच भरलेलं. मंचावर बारा आज्या अर्धगोल करून बसलेल्या, मांडीवर उघड्या बाटल्या. तरुण कलावंताने वाजवायला सुरुवात केली. अगदी बारीक मुलगा, सायकाल म्हणाली, त्याच्या छातीला व्यायाम हवाय. तीन मिनिटं गेली, चार गेली. पाचव्या मिनिटाला बुरुल्चा-आपाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एक वाक्य म्हटलं आणि आपल्या बाटलीचं झाकण लावलं. तिचं बघून शायीरकुल-आपाने लावलं. मग एकेक करत बाराही झाकणं करकरत लागली, आणि बारा जणी हाताची घडी घालून बसल्या. पोरगा वाजवतच राहिला बिचारा. संपल्यावर लोक उभे राहिले आणि दहा मिनिटं टाळ्या वाजवत होते. त्याच्यासाठी नव्हे, झाकणांसाठी. वर्तमानपत्रवाले हॉटेलात येऊन बसलेत.

"आणि तुझ्याशी बाईंना बोलायचंय," सायकाल म्हणाली.

उलरिकेबाईंचा आवाज बसला होता. त्यांना एकच गोष्ट हवी होती, ते वाक्य. श्रीमती बुरुल्चा त्या क्षणी काय म्हणाल्या? महोत्सवाने रशियन दुभाष्या ठेवला होता, सायकालने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने जे भाषांतर केलं ते इतकं कोरडं होतं की वर्तमानपत्रात देता येईना. बिश्केकला तुम्ही ज्या हळुवारपणे सांगितलंत तसं सांगा.

कुबातने त्यांना थांबायला सांगितलं आणि बायकोला पुन्हा फोनवर मागितलं. काय म्हणाली होती ती, शब्द सांग.

"म्हणाली, 'ह्या पोरात काही दम नाही. आमचा कुबात याच्यापेक्षा बरा फुंकतो.'"

 पियानोवर कुणाची तरी अर्धी राहिलेली बाटली होती, तिच्याकडे कुबातने एकदा बघितलं. मग त्याने फोन पुन्हा उलरिकेबाईंना द्यायला सांगितला आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं.



"कुबात," उलरिकेबाई म्हणाल्या, अगदी मायेने, "दुभाष्यानेही हेच सांगितलं, आणि त्याला संगीत कळत नाही म्हणून मी समजू शकते. पण तुम्ही? तुम्हाला बोलावलं नाही याचं वाईट वाटलं असेल, ते मला कळतं. तरी तिचे शब्द तिला राहू द्या ना."

"हे तिचेच शब्द आहेत."

"त्या बाईच्या तोंडून? तीन दिवस आवाजाच्या संगतीत राहणाऱ्या बाईच्या?"

कुबातने डोळे मिटले. आपणच घडवलेल्या त्या बाईसमोर खऱ्या बुरुल्चा-आपाचं काही चालणार नव्हतं.

"त्या म्हणाल्या," तो म्हणाला, "मौनालाही झाकण लागतं."

फोनवर उसासा ऐकू आला. "बघा," उलरिकेबाई म्हणाल्या. "किती सोपं होतं."

ते वाक्य दुसऱ्या दिवशी तिथल्या तीन वर्तमानपत्रांत छापून आलं, खाली बुरुल्चा-आपाचा फोटो. पुढच्या वर्षीच्या महोत्सवाचा विषयच तो ठरला, आणि जगभरच्या बासरीवादकांकडून त्या वाक्यावर आधारलेल्या रचना मागवण्यात आल्या. कुबातने चार महिने खपून एक रचना लिहिली. पंचवीस मिनिटांची, अजिबात सूर नसलेली, आणि त्याच्या मते आजवरची सगळ्यात चांगली. सप्टेंबर महिन्यात निवड समितीचं पत्र आलं. अर्ज केल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते, आणि मोठ्या खेदाने कळवलं होतं, की रचनेत कसब आहे, पण श्रीमती बुरुल्चा यांच्या विचाराची खोली लेखकाला अजून उमगलेली दिसत नाही.